एकतीस जूनची शुगर

माझी आणि माझ्या साडूंची शुगर एकाच वर्षी निघाली, २०१९ साली. तोवर आम्हा दोघांत समान अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सासुरवाडी. आता डॉक्टर एकच, गोळी एकच आणि आहाराचा छापील कागदही एकच. साडूभाऊंनी तो कागद लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. माझा कागद शेवटचा दिसला तेव्हा त्यावर चिवडा होता.

साडूभाऊ बँकेतून रिटायर झालेत, पण बँक त्यांच्यातून अजून रिटायर झालेली नाही. त्यांची शुगरची वही बघण्यासारखी आहे. उपाशीपोटीची शुगर निळ्या शाईत, जेवणानंतरची लाल शाईत. भाकरी किती, पावलं किती, गोळी किती वाजता. रोज रात्री ते आरशात दोन्ही तळपाय बघतात आणि 'जखम नाही' असं लिहून पुढे सही करतात. महिनाअखेरीला खाली टोटल. शुगरची टोटल मारून काय मिळतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "टॅली झालं की झोप लागते."

मीही वही आणली होती. पहिल्या पानावर 'श्री' काढला, दुसऱ्या दिवशी शुगर लिहिली आणि तिसऱ्या दिवशी गॅसवाल्याचा नंबर.

बोट टोचण्यात काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने स्वतःचं बोट स्वतः टोचून पाहावं. दुसऱ्याने टोचलं तर माणूस तोंड फिरवून मोकळा होतो. इथे टोचणारेही आपणच आणि 'आई गं' म्हणणारेही आपणच. टोचायच्या पेनावर एक ते पाच आकडे असतात, सुई किती खोल जाणार त्याचे. मी एकवर ठेवतो. एकवर रक्त येत नाही. मग बोट दाबायचं, झटकायचं, पुन्हा दाबायचं. शेवटी मोहरीएवढा थेंब उगवतो, आणि तो पट्टीच्या तोंडाशी नेईपर्यंत मशीन कंटाळून बंद होतं. वीसेक रुपयांची पट्टी वाया. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचलं की कमी दुखतं, हे मला साडूभाऊंनी प्रात्यक्षिकासह दाखवलं. प्रात्यक्षिक माझ्या बोटावर, चार नंबरला.

एकदा फेब्रुवारीत पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आली. नाशकात राहून फेब्रुवारीत द्राक्षं टाळायची म्हणजे पंचवटीत राहून गोदावरी टाळण्यासारखं आहे. मी सकाळी पेटी उघडून घड निवडत बसलो होतो, तेवढ्यात हिने मशीन पुढे केलं. आकडा आला ३१२. ही मटकन खाली बसली. साडूभाऊंना फोन गेला. ते शांतपणे म्हणाले, "हात धुतले होते का?" हात धुऊन पुन्हा टोचलं, तर १६८. बोटाला लागलेला द्राक्षाचा रस मशीनने माझ्या खात्यावर जमा केला होता. फळाची साखर ती कसली, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १५-१६ ग्रॅम साखर असते.

या प्रसंगातून साडूभाऊंनी 'हात धुणे' असा नवा रकाना सुरू केला. मीही धडा घेतला. त्यानंतर कुठलाही वाढलेला आकडा दिसला की मी म्हणायचो, "द्राक्षं असतील हाताला." ऑगस्टातसुद्धा.

मग आला जुलै आणि डॉक्टरांकडची तारीख. क्लिनिकच्या बाहेर स्कूटरवर बसून मी तीन महिन्यांची वही वीस मिनिटांत भरली. ११४, १२१, १०९. मधूनच एक १३७, म्हणजे खरं वाटावं. एका ठिकाणी तर 'लग्नात जेवलो, १४८' असंही लिहिलं. कादंबरीकार व्हायला हवा होतो मी. डॉक्टर पोरसवदा आहेत, मला काका म्हणतात. त्यांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "काका, ३१ जूनला ११४ आली होती?"

"हो. त्या दिवशी कारलं होतं."

"जूनला ३१ तारीख नसते, काका."

मी पंख्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी मग रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला. एचबीएवनसी ८.४. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर १९५ च्या आसपास. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढे दिवस रक्तातली साखर अंगाला चिकटवून फिरतात. त्यामुळे टेस्टच्या आधी तीन दिवस उकडलेला दुधी खाऊन या टेस्टला गंडवता येत नाही. मी गंडवायला गेलो होतो. तीन दिवसांचा दुधी फुकट गेला, याचं दुःख मला ८.४ पेक्षा जास्त झालं.

"बघा जरा तुमच्या साडूंकडे," ही स्कूटरवर मागे बसल्या बसल्या म्हणाली. त्यांची ६.६ आली होती.

आमची भाची, म्हणजे साडूभाऊंची लेक, मानसशास्त्रात एम. ए. करते. तिने परवा रविवारच्या जेवणावर दोघांचं निदान केलं. स्वभावाचे म्हणे पाच मोठे पैलू धरतात: नेटकेपणा, काळजीखोरपणा, माणसांची ओढ, नव्याची ओढ आणि जुळवून घेणं. ज्यांच्यात नेटकेपणा जास्त, त्यांचं पथ्यपाणी, गोळ्या, चालणं साधारणपणे टिकतं. "बाबा नेटकेपणात नव्वद टक्के," ती म्हणाली. मी माझे विचारले नाहीत. वाढून घ्यायच्या वेळी कशाला तोंड कडू करायचं.

पण तिने सांगितलेला दुसरा पैलू ऐकून मेव्हणीने कपाळाला हात लावला. साडूभाऊंच्या वहीत जे दिसत नाही, ते तिला घरात दिसतं. एका पहाटे सहाला त्यांचा मला फोन आला होता. डाव्या हाताच्या बोटातून १२८ आणि उजव्या हाताच्या बोटातून १३९! अकराचा फरक, एकाच माणसात! घरच्या मशीनला पंधरा टक्क्यांपर्यंत मागे-पुढे चालतं, हे डॉक्टरांनी त्यांना तीनदा सांगितलंय. पण ज्याने आयुष्यभर अकरा पैशांसाठी रात्री आठपर्यंत ब्रँच उघडी ठेवली, त्याला पंधरा टक्के कसे पचणार? दिवसाला ते आठ-आठ वेळा टोचत. बोटं चाळणीसारखी झाली. काळजीनेसुद्धा शुगर वाढते असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून ते काळजीचीही काळजी करायला लागले.

शेवटी डॉक्टरांनी एकाच दिवशी दोघांना उलटसुलट हुकूम दिले. त्यांना म्हणाले, आठवड्यातून तीनच वेळा टोचायचं, वही बंद. मला म्हणाले, रोज टोचायचं, वही चालू. "आणि काका, तुम्हाला एकट्याने चालणं जमायचं नाही. तुम्हाला गप्पा लागतात. साडूंना घेऊन गोल्फ क्लबवर जा."

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, गोल्फ क्लब म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. अख्खं नाशिक तिथे फेऱ्या मारतं, आणि रविवारी फेऱ्या मारून झाल्या की मिसळ खायला जातं. चालून जाळलेलं सगळं तर्रीसकट परत. मोडाच्या मटकीबद्दल डॉक्टरांची तक्रार नाही. तक्रार पावांबद्दल, शेवेबद्दल आणि ताटलीच्या कडेला साळसूदपणे बसलेल्या जिलेबीबद्दल.

गेल्या रविवारी आम्ही दोघं मिसळीच्या टेबलावर बसलो. हिने माझं मशीन मुद्दाम बरोबर दिलं होतं. साडूभाऊंनी लगेच दोन्ही मशीनं शेजारी ठेवून कंपनी, मॉडेल, पट्टीची एक्स्पायरी बघितली आणि सगळं पाऊचमध्ये आवरून चेन लावली. मी एकच पाव घेतला. त्यांच्या देखत दुसरा मागायची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. त्यांनी बराच वेळ जिलेबीकडे बघितलं. मग चारही बाजूंना पाहून अर्धं वेटोळं मोडलं आणि गोळी गिळावी तसं गिळलं. "वही बंद आहे ना," ते म्हणाले. चार वर्षांत मी त्यांना इतकं खुश बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला फोन वाजला.

"साडूभाऊ, १३१. एकदाच टोचलं. दुसऱ्या हाताचं नाही घेतलं."

"शाब्बास."

"तुमची किती?"

मी अजून पांघरुणातच होतो. "११८," मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग चेन उघडल्याचा आवाज आला.

"साडूभाऊ, तुमचं मशीन कालपासून माझ्या पाऊचमध्ये आहे."