दर शंभर गाण्यांनी वरातीचं गाणं का लागतं?

नमस्कार साहेब,

एकच तारा दिलात, हरकत नाही. पण तक्रार चारचौघांत केलीत, तेव्हा उत्तरही इथेच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅसेट आणि जुन्या तबकड्यांवरून उतरवून, रागाच्या वेळेनुसार म्हणजे प्रहराप्रमाणे लावून आम्ही पेन ड्राइव्हवर दिलेली ३,२०० गाणी गाडीत भलत्याच क्रमाने वाजतात, मधेमधे नाचाची गाणी घुसतात. लॅपटॉपवर आयट्यून्समध्ये गाणं जागचं हलत नाही. आणि क्रम बदलून मागितला तर आम्ही वेगळे पैसे लावले.

आधी नाचाची गाणी. ती आमच्याकडून आलेली नाहीत. तुम्हीच लिहिलंय, ‘भाच्याच्या लग्नाची तीसेक गाणी तेवढी मी टाकली.’ तुम्ही टाकलेल्या फोटोत गाडीच्या स्क्रीनवर त्यांची नावं स्वच्छ वाचता येतात: ०१, मग मोकळी जागा, मग गाण्याचं नाव. पुढचं ०२, ०३, तसंच. आमच्या फाइलींना चार आकडी नंबर असतो, ०००१ ते ३२००. तो मुद्दाम चार आकडी, कारण बरेचसे स्टिरिओ आकड्याची किंमत बघत नाहीत, एकेक अक्षर बघत जातात. पुढे शून्यं लावली नाहीत तर १ नंतर १०, मग १००, मग १००० आणि २ कुठल्या कुठे. आता तुमच्या ०१ पुढे जी मोकळी जागा आहे ती स्टिरिओच्या लेखी शून्याच्याही आधी येते. त्यामुळे तुमचं ०१ बसलं आमच्या ००९९ आणि ०१०० च्या मधे, ०२ बसलं ०१९९ च्या नंतर, आणि १० थेट ०९९९ च्या पाठीला. म्हणजे तोडी रागाचं एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आत बेंजो! दर शंभर गाण्यांनी एक, अगदी हिशेबात. यादी विस्कटलेली नाही, तिच्यात पाहुणे रांगेत येऊन बसलेत.

सगळ्या गाड्या अशा नसतात, हेही सांगतो. काही स्टिरिओ नावं बघतच नाहीत. पेन ड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. संगणकावर उघडलं की फोल्डर नावाप्रमाणे लावलेलं दिसतं, त्यामुळे हा क्रम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही फाइली नंबरवारीनेच एकामागोमाग एक लिहितो, दोन्ही जातींच्या स्टिरिओवर चालावं म्हणून. पण त्यातलं एखादं गाणं उडवून नवं टाकलं, की नवं त्या रिकाम्या जागेत जाऊन बसू शकतं, आणि मग शोधत बसा. सोबत एम३यू८ फाइलही दिली होती. ती म्हणजे कुठल्या गाण्यामागून कुठलं, याची साधी लिखित यादी. तुमच्या गाडीला ती वाचता येत नाही, हे पेन ड्राइव्ह देतानाच बोललो होतो.

आयट्यून्सचं सोपं आहे. वरच्या पट्टीत ‘नेम’ किंवा ‘आर्टिस्ट’वर एकदा क्लिक झालं की ते गाणी त्या हिशेबाने लावतं आणि हाताने सरकवू देत नाही. ‘व्ह्यू’मध्ये ‘सॉर्ट बाय’, त्यात ‘प्लेलिस्ट ऑर्डर’ निवडा. मूळ क्रम परत येईल आणि गाणं ओढून कुठेही नेता येईल. मात्र तिथे केलेला बदल आयट्यून्सच्या स्वतःच्या यादीतच राहतो, पेन ड्राइव्हवरच्या फाइलींना त्याचा पत्ता नसतो. लॅपटॉपवर मारवा वर घेतला म्हणून गाडीत तो आधी लागणार नाही.

आता पैशांचं. यादी तुम्ही दुकानात बसून बघितलीत, ‘छान’ म्हणालात, आम्ही पेन ड्राइव्ह भरला. नंतर निरोप आला की नुसता प्रहर नको, प्रत्येक प्रहरात गायकाप्रमाणे लावा, आणि ‘एका क्लिकचं तर काम आहे’. क्लिक एकच, खरं आहे. पण त्याआधी नावं एक करावी लागतात. कॅसेटच्या कव्हरवर कुठे ‘भीमसेन जोशी’, कुठे ‘पं. भीमसेन जोशी’, कुठे ‘पंडित’ अक्षरी लिहिलेलं. सॉफ्टवेअरला ते तीन वेगळे गवई. शिवाय ‘यमन’ एवढं रागाचंच नाव असलेली गाणी तुमच्या संग्रहात ढिगाने. एकसारखी नावं उडवणारं साधन चालवलं असतं तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांपैकी काही ‘डुप्लिकेट’ म्हणून गेल्या असत्या. ते सगळं कान देऊन तपासलं. मग नवे नंबर, मग पेन ड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून. या कामाचे पैसे घेतले आणि ते बिलात आहेत तसेच राहतील.

जाता जाता तुम्ही भैरवीबद्दलही टोचलंत, सकाळचा राग शेवटी का टाकला म्हणून. राग सकाळचा, कबूल. पण आमच्या मिरज-सांगलीकडे भैरवी झाली की मैफल उठते. नऊच्या सुमाराला गाडी काढणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच भैरवी लावून द्यायला हात धजला नाही. तुम्हाला सकाळीच हवी असेल तर एवढा बदल फुकट करून देतो.

वरातीची गाणी ठेवायची असतील तर त्यांचे नंबर ९००१ पासून द्या, सगळ्यात शेवटी जाऊन बसतील. नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन या, तुमच्या यादीची प्रत आमच्याकडे आहे, समोर बसून करून देऊ. फक्त येताना तोच पेन ड्राइव्ह आणा, दुसऱ्यावर कॉपी केलेला नको. लिहिण्याचा क्रम त्यात बदललेला असू शकतो.