लेस्टरचे युगांडावाले आणि सोमाली: 'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता, नमस्कार.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या सेंट मॅथ्यूज वस्तीतल्या सोमाली कुटुंबांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: युगांडातून हुकूमशहा इदी अमीनने हाकललेले गुजराती १९७२ मध्ये खिशात ५० पौंड घेऊन ह्याच शहरात आले आणि वीस वर्षांत त्यांनी बेलग्रेव्ह रोड ह्या इथल्या रस्त्याचं रूप पालटलं. सोमाली नव्वदच्या दशकापासून येताहेत आणि अजून सरकारी घरांत, सरकारी भत्त्यावर आहेत. दोघेही निर्वासित, शहर तेच, सरकार तेच. मग उरतो तो संस्कारांचा फरक, आणि तो बोलून दाखवायला लेखक कचरतो. जाता जाता 'आपल्या माणसांचं कौतुक करताना तुमचा हात आखडतो' असा चिमटाही काढलात.

कचरत वगैरे नाही हो, मला ते पटतच नाही.

तुमचे आकडे मी नाकारत नाही. ब्रिटनमधल्या स्थलांतरितांपैकी कामधंद्यात किती जण आहेत हे पाहिलं की सोमालियात जन्मलेले यादीच्या तळाशी सापडतात. सरकारी किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरांत राहणाऱ्यांचं प्रमाणही त्यांच्यात फार मोठं आहे. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सोमालियात जन्मलेले लाखाच्या वर लोक होते, म्हणजे चार-दोन घरांवरून काढलेला हा निष्कर्ष नव्हे. पण ह्या आकड्यांतून 'संस्कार' कसे काय निघतात?

त्या ५० पौंडांचंच बघा. ४ ऑगस्ट १९७२ ला अमीनने घोषणा केली, ९० दिवसांची मुदत दिली आणि कुटुंबामागे पन्नासेक पौंडांपेक्षा जास्त बाहेर नेऊ दिले नाहीत. एंटेबे विमानतळाच्या वाटेवर सैनिकांनी बायकांच्या हातातल्या बांगड्या उतरवून घेतल्या. हे सगळं खरं आहे आणि भयंकर आहे. पण माणूस काय घेऊन येतो हे फक्त पाकिटावरून मोजायचं का? कापसाच्या जिनिंगपासून साखर कारखान्यापर्यंत आणि घाऊक पेढीपासून खेड्यातल्या दुकानापर्यंत युगांडाचा बहुतेक व्यापार ह्या समाजाच्या हातात होता. जे आले त्यांना हिशेब येत होता, बरेच जण इंग्रजी शाळांत शिकलेले होते, उधारीवर माल कसा उचलायचा आणि कुणाच्या शब्दावर उचलायचा हे ठाऊक होतं. अमीनची चाहूल आधीच लागलेल्या काहींनी पैसाही थोडाथोडा बाहेर काढला होता. लोहाणा, पाटीदार, ओसवाल, इस्माइली अशा समाजांची आपापली मंडळं होती आणि ती माणसांबरोबरच विमानातून इथे आली.

आणि हातात ब्रिटिश पासपोर्ट होता. त्याच पासपोर्टवाल्यांना रोखायला ब्रिटनने १९६८ मध्ये घाईघाईने कायदा केला होता, हेही विसरू नका. तरी १९७२ मध्ये पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने सत्तावीस-अठ्ठावीस हजार लोकांना घेतलं, युगांडा रिसेटलमेंट बोर्ड नेमलं, रिकाम्या पडलेल्या १६ लष्करी छावण्या उघडल्या. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या टोनफनाऊ छावणीत समुद्राचा गार वारा खात माणसं बराकींत राहिली. पण छावणीतून बाहेर पडून दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारात उभं राहायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती.

लेस्टरने त्यांचं स्वागत केलं, अशी एक गोड समजूत तुमच्या प्रतिक्रियेत डोकावते. सप्टेंबर १९७२ मध्ये लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या राजधानीतल्या, कंपालाच्या 'युगांडा आर्गस' ह्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली होती: आमच्याकडे घरांसाठी हजारो कुटुंबं यादीत आहेत, शाळांत जागा नाहीत, आरोग्यसेवेवर ताण आहे, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी इकडे येऊ नका. बोर्डानेही लेस्टरला 'लाल' विभागात टाकलं होतं, म्हणजे इकडे जाऊ नये असा सल्ला. लोक आलेच. १९६७-६८ मध्ये केनियातून आलेले मामा, मेहुणे, गाववाले इथे आधीच स्थिरावले होते आणि होजियरी, बूट, इंजिनिअरिंगच्या कारखान्यांत कामं होती. ज्या जाहिरातीने त्यांना अडवायचं होतं तिनेच कित्येकांना लेस्टरचं नाव कळवलं, असं इथले जुने लोक अजून हसत सांगतात.

तरी पहिली काही वर्षं म्हणजे पेढी आणि गल्ला नव्हे. कंपालात दुकानाचे मालक असलेले गृहस्थ इथे मशीनवर उभे राहिले, शाळामास्तर पॅकिंगला लागले. १ मे १९७४ ला लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगार संपावर गेले. बोनसमध्ये लबाडी आणि बढत्यांत डावलणं ह्या तक्रारी होत्या, आणि त्यांच्याच युनियनने त्यांच्याकडे पाठ फिरवली. संप जवळजवळ तीन महिने चालला. पुढच्या वर्षी कंपनीने कारखानाच बंद केला. बेलग्रेव्ह रोडवरची कित्येक दुकानं अशा नोकऱ्यांच्या पगारावर, घरातल्या सगळ्यांच्या दोन-दोन पाळ्यांवर उभी राहिली. कौतुक म्हणाल तर ते मी ह्याचं करतो, आणि हात न आखडता करतो. दिवाळीच्या रोषणाईचे फोटो टाकले म्हणजेच कौतुक झालं असं मी मानत नाही.

आता एक गोष्ट जी ह्या वादात कुणी काढतच नाही. युगांडातून त्याच ९० दिवसांत आपले गोंयकारही बाहेर पडले. एंटेबेच्या सचिवालयात, बँकांत, शाळांत कारकून, हिशेबनीस, शिक्षक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या काम केलेली ही माणसं. कंपालात त्यांचं गोवन इन्स्टिट्यूट होतं. हकालपट्टी तीच आणि पन्नास पौंडही तेच, पण इंग्लंड-कॅनडात त्यांनी दुकानांची रांग उभी केली नाही. बहुतेक जण पुन्हा कचेऱ्यांत आणि शाळांतच शिरले. व्यापारी इथे व्यापारी झाला, कारकून कारकून झाला. तुम्ही ज्याला संस्कार म्हणता त्यात मागच्या देशातला धंदा किती, हे गोंयकारांकडे पाहिलं की कळतं.

सोमाली इथे नव्वदच्या दशकात आले हेही अर्धसत्य. एडनच्या समोरच्या किनाऱ्यावरचं ब्रिटिश सोमालीलँड हे साम्राज्याचंच अंग होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोमाली खलाशी बोटींच्या भट्ट्यांत कोळसा ओढत कार्डिफ, लिव्हरपूल, साउथ शील्ड्स ह्या ब्रिटिश बंदरांत उतरत होते. कार्डिफच्या महमूद मत्तान ह्या सोमाली खलाशाला १९५२ मध्ये खुनाच्या आरोपावरून फाशी दिली आणि १९९८ मध्ये न्यायालयाने ती शिक्षाच रद्द ठरवली. त्या बंदरांतल्या सोमालींना चाळीत खोली मिळवतानाही नाकी नऊ यायचे.

तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय ते मात्र युद्धाने फेकलेले लोक. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे ह्याच्या सैन्याने स्वतःच्याच देशातलं हर्गेसा शहर बॉम्ब टाकून जमीनदोस्त केलं, जानेवारी १९९१ मध्ये बारे पळाला आणि सरकार नावाची वस्तूच उरली नाही. आता १९७२ हे साल बघा. कंपालाहून विमानं सुटत होती त्याच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, सोमालियाने आपल्या भाषेसाठी लिपी अधिकृतपणे ठरवली. त्याआधी सरकारी कारभार इंग्रजी, इटालियन, अरबीत चालायचा. ७४-७५ मध्ये शाळकरी पोरांना गावोगाव पाठवून साक्षरतेची मोठी मोहीम झाली. जेमतेम पंधरा वर्षं गेली आणि युद्धाने शाळाच बंद पाडल्या. १९९९ मध्ये चार मुलं घेऊन लेस्टरला पोहोचलेली पंचविशीची बाई कुठली पाटी-पुस्तक बघणार होती? नवरा बहुतेक वेळा मेलेला, हरवलेला किंवा नैरोबीत व्हिसाची वाट बघणारा. तिची तुलना तुम्ही कंपालाच्या दुकानमालकाशी करताय.

कागदाचंही तसंच. नव्वदच्या दशकात अनेक सोमालींना पूर्ण निर्वासित दर्जा न देता 'अपवाद म्हणून राहू देतो' अशा शेऱ्यावर ठेवलं. त्या शेऱ्यावर बायकोमुलांना बोलवायला चार वर्षं थांबावं लागे. आश्रयाचा अर्ज केलेल्याला सहा महिन्यांनी कामाची परवानगी मागता यायची, ती सोयही जुलै २००२ मध्ये काढून घेतली. पुढे वर्षभरानंतरची सवलत आली, तीही मोजक्या कामांपुरती. म्हणजे हात बांधायचे आणि मग हा हलत का नाही म्हणून विचारायचं. ह्यांना परवानगी मिळेपर्यंत, ज्या होजियरीने युगांडावाल्यांना पहिला पगार दिला ती लेस्टरमधून जवळपास हद्दपार झाली होती.

लेस्टरमध्येच एक उलटा दाखलाही आहे. इथले हजारो सोमाली थेट सोमालियातून आलेले नाहीत, ते हॉलंडमधून डच पासपोर्टवर आले. त्यांना पहिल्या दिवसापासून काम करता येत होतं. तिकडे धंदा काढायचा तर परवान्यांचा जाच, इकडे त्यामानाने सोपं, हे त्यांच्या येण्याचं एक कारण होतं. लेस्टरच्या हायफील्ड्स भागातले कॅफे, कपड्यांची आणि फोनची दुकानं पाहा, मालक विचारा.

हायफील्ड्समधल्याच एका हवाला दुकानात, म्हणजे मायदेशी पैसे पाठवायच्या पेढीत, मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी उभा होतो. पुढे एक बाई, अंगावर सफाई कंपनीचा निळा अंगरखा, पहाटे कचेऱ्या झाडून आलेली. तिने वीसच्या नोटा काउंटरवर मोजून ठेवल्या, ओळखपत्र दाखवलं, हर्गेसातल्या बहिणीचा फोन नंबर सांगितला. पोऱ्याने संगणकात नोंद केली, शेकडा पाचच्या आसपास कमिशन कापलं, पावती दिली. ती दाराबाहेर पडायच्या आत तिकडून बहिणीचा फोन: निरोप आला, डॉलर उचलायला निघते. भाचीची फी, आईचं औषध, दुष्काळात मेलेल्या उंटांच्या जागी नवे, सगळं ह्यातून. सोमालियात अशा रीतीने वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या वर रक्कम जाते असे अंदाज आहेत. २०१३ मध्ये एका मोठ्या ब्रिटिश बँकेने अशा कंपन्यांची खाती बंद करायला घेतली तेव्हा सोमालियात जन्मलेल्या ब्रिटिश धावपटू मो फराहपर्यंत सगळे ओरडले ते ह्यासाठी.

युगांडावाल्यांची घरंच्या घरं बाहेर पडली होती. मागे कुणी तोंडाकडे बघत बसलेलं नव्हतं, त्यामुळे शिल्लक पडली ती दुकानात गेली. ह्या बाईची शिल्लक हर्गेसाला जाते. बचत तिलाही कळते. सोमाली बायकांत 'हगबद' चालतो, म्हणजे तंतोतंत आपली भिशी: दर महिन्याला ठरावीक रक्कम, एकीच्या हाती सगळी, पुढच्या महिन्यात दुसरीला. लेस्टरला गुजराती बायकाही हेच करतात.

तरी तुमचा हट्ट 'संस्कार'च असेल तर नैरोबीला चला. तिथलं ईस्टली हे उपनगर आज कपडे, सोनं, इलेक्ट्रॉनिक्सची पूर्व आफ्रिकेतली मोठी बाजारपेठ आहे आणि ती सोमालींच्या हातात आहे. नव्वदच्या सुरुवातीला निर्वासितांनी गरिसा लॉज नावाच्या एका लॉजच्या खोल्यांत माल मांडला, बघता बघता खोल्यांचे गाळे झाले आणि त्यातून मॉल उभे राहिले. केनियातले लोक सोमालींबद्दल काय कुरकुरतात माहीत आहे? हे लोक सगळा व्यापार बळकावतात, आपसातच पैसा फिरवतात, बाहेरच्याला जवळ करत नाहीत. शब्द ओळखीचे वाटले ना? पन्नास वर्षांपूर्वी कंपालात गुजरात्यांबद्दल हेच बोललं जात होतं. गंमत म्हणजे १९३० च्या दशकात केनियातल्या इसाक कुळाच्या सोमालींनी 'आम्हाला आशियाई दर्जा द्या' म्हणून इंग्रजांकडे धरणं धरलं होतं.

खुद्द कंपालातही किसेनी भागात सोमालींची दुकानं, खानावळी, पैसे पाठवायच्या पेढ्या आहेत, शहरात त्यांचे पेट्रोलपंप आहेत. युगांडाच्या २००६ च्या कायद्याने निर्वासिताला काम करायची आणि हवं तिथे फिरायची मुभा आहे. ज्या शहरातून आपल्या दुकानदारांना हाकललं त्याच शहरात सोमाली दुकानदार झाला. लेस्टरच्या सोमालीचे आणि ह्याचे संस्कार वेगळे कुठून आले?

आता तुमच्या 'पाला चघळत बसतात' ह्या शेऱ्याबद्दल. 'खात' नावाचा झिंग आणणारा पाला चघळणारे पुरुष आहेत, आणि त्यापायी घरं मोडलेली मी पाहिली आहेत. त्यावर बंदी घाला म्हणून सर्वात जोराने ओरडणारेही सोमालीच होते, त्यात बायका पुढे. जून २०१४ मध्ये ब्रिटनने बंदी आणली. कुळाकुळांतल्या भांडणांमुळे ह्या समाजाची एक धड संस्था उभी राहत नाही, हा दोष मात्र मी पदरात घालीन. युगांडावाल्यांच्या मंडळांशी तुलना करायचीच तर इथे करा, इथे तुमचा मुद्दा लागू पडतो.

शेवटी तुम्ही विचारलंत की मग सरकारने काय करायला हवं होतं, अजून भत्ते द्यायचे का? नाही. सहा महिन्यांनी काम करू देण्याची २००२ पूर्वीची सोय परत आणावी, आणि मोगादिशूच्या नर्सचं प्रमाणपत्र तपासायला वर्षं लावू नयेत. बाकी, सेंट मॅथ्यूजबद्दल तुमच्याकडे वेगळे आकडे असतील तर खाली जरूर टाका. फक्त इथे जन्मलेली मुलं आणि चाळिशीत येऊन पोहोचलेले आईबाप एकाच रकान्यात घालू नका.