आदर्श शेजारी कसे व्हावे (शेजारी बिल्डर असल्यास)

कोकणात तुमची चार गुंठे का होईना जागा असेल, तर आज ना उद्या शेजारी बिल्डर येणार हे धरून चला. मुंबई-गोवा महामार्ग पुरा होवो न होवो, तो पोहोचतो. अशा वेळी आपण कसं वागायचं याचं शिक्षण कुठल्याच शाळेत मिळत नाही, त्यामुळे माणसं ऐन वेळी भलतंसलतं करून बसतात, म्हणजे तक्रार वगैरे. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे चार शब्द. मला स्वतःला हे ज्ञान नुकतंच, एका जेसीबीच्या कृपेने प्राप्त झालं आहे.

सगळ्यात आधी, वईवर, म्हणजे हद्दीवरच्या झुडपांच्या कुंपणावर, जीव लावू नका. आमच्या बागेच्या पूर्वेला वई होती, १२० फूट. अडुळसा, कोयनेल, निर्गुडी, मधेमधे घायपात आणि खालच्या कोपऱ्यावर शेराचं जुनं खोड. यातल्या एकाही झाडाला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तर ती मेरेवर, म्हणजे हद्दीच्या बांधावर, लावायची. पाणी नको, खत नको. पहिल्या पावसात जिथे खिंडार पडलं असेल तिथे काड्या खोचायच्या आणि विसरून जायचं. सासूबाईंनी हेच केलं, त्यांच्या सासूबाईंनीही हेच केलं. पलीकडच्या जुन्या मालकांनी कधी त्या वईला हात लावला नाही की आम्ही तिच्यापुढे पाऊल टाकलं नाही. एका शब्दाचा कागद न करता दोन घरांची हद्द ठरलेली होती. बिल्डरच्या भाषेत या सगळ्याला ‘झाडी’ म्हणतात, आणि झाडी साफ करायची असते.

साफ करायचा दिवस तो नीट निवडतो. तुम्ही तालुक्याला बँकेत गेला असाल तर उत्तम. परत आल्यावर आरडाओरडा करू नका. मुळं वर, पानं खाली असा एक ढीग असेल, तो बघा. शेराच्या मोडक्या खोडातून पांढरा चीक तांबड्या मातीवर गळत असेल, तोही बघा. डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घ्या, फार झोंबतो. मग हेल्मेट घातलेला, तुमच्या धाकट्या मुलाच्या वयाचा सुपरवायझर पुढे येईल आणि हसून म्हणेल, “काकू, झाडी साफ करून दिली. सापबिप असतात ना. तुमच्याकडून पैसे नाही घेतले हां.”

इथे आदर्श शेजाऱ्याने थँक्यू म्हणावं.

दोष कुणाला द्यायचा, हा प्रश्न पडेल. जेसीबीवाल्याला द्या. बिल्डर स्वतः तेच करतो.

साहेबांशी बोलायचं असेल तर फोन लावा, साहेब साइटवर असतात. साइटवर जा, साहेब मुंबईला गेलेले असतात.

भरपाईचा विषय काढू नका. काढलात तर “२० रुपयांची झुडपं ती काकू, नर्सरीतून टेम्पोभर आणून देतो” असं उत्तर मिळेल. मग टेम्पोची वाट बघा. तो आला तर त्यात गोल्डन डुरांटा आणि अरेका पाम असतील, कारण त्यांच्या माहितीपत्रकात तेच आहेत. माहितीपत्रक जरूर वाचा. ‘निसर्गाच्या कुशीत बंगलो प्लॉट’ असं वर लिहिलेलं असतं. कूस कोणाची ते आत कुठेच लिहिलेलं नसतं.

आता थोडं गणित, कारण शेजाऱ्याला गणित येता कामा नये. वई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी निळे पत्रे उभे राहिले, पूर्वी वई होती तिच्या तीन फूट आत. आत म्हणजे आमच्या बाजूला. १२० गुणिले तीन म्हणजे ३६० चौरस फूट. गुंठा होतो १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे गेला गुंठ्याचा तिसरा हिस्सा. सध्या आमच्याकडे गुंठ्याचा भाव काय चाललाय ते तुम्हाला ठाऊक आहेच, मी कशाला सांगू. जेसीबी तासावर मिळतो. एवढ्या कमी भांडवलात एवढा नफा दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे, सांगा.

पत्र्यांवर एक पाटीही लावलेली आहे. ‘खाजगी मालमत्ता. विनापरवानगी प्रवेश केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ ती वाचून मी माझ्या जागेतून दोन पावलं मागे सरकले. सवय लावून घ्यावी.

यानंतर तुम्हाला ‘पुरावा काय?’ हा प्रश्न आवडायला शिकायचं आहे. तो सगळे विचारतील. तलाठ्याकडे जा (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, काम तेच). ते सातबारा उघडतील. त्यावर आंबा आहे, काजू आहे, नारळ आहे. अडुळसा आहे का? नाही. मग तो होता कशावरून? झाडं तोडली म्हणून वनखात्याकडे जा. तिथे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याला परिशिष्ट आहे. त्यात आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ अशी नामवंत मंडळी आहेत. अडुळसा, कोयनेल, निर्गुडी ही त्यात न बसणारी, म्हणजे कायद्याच्या हिशेबी तिथे काही तुटलेलंच नाही. महसूल कायद्याचं कलम २५ सांगतं की धारण केलेल्या जमिनीवरची झाडं धारकाची. वा. पण जमीन कोणाच्या हद्दीत ते आधी सिद्ध करा. हद्द कशावरून? झाडांवरून. झाडं कुठायत? पोलीस ठाण्यात जा, तिथे सगळ्यात आदराने बसवतात, पाणी देतात, आणि “मावशी, हे दिवाणी मॅटर आहे” म्हणून एनसी लिहून घेतात. अदखलपात्र. शब्द किती नेमका आहे बघा. एकाने तर सॅटेलाइटची जुनी चित्रं काढून बघायला सांगितली. काढली भाच्याने. वरून आंब्याची डेरेदार सावली दिसते, तिच्याखालची वई दिसत नाही.

हे सगळे मिळून शेवटी एकच सल्ला देतात, मोजणी मागवा.

मोजणीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच माणसं धीर सोडतात. पूर्वी मोजणीचे प्रकार होते साधी, तातडीची, अतितातडीची आणि अतिअतितातडीची. सरकारला स्वतःलाच हसू आलं असावं, आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवलेत. अर्ज मी करायचा. फी मी भरायची. झाडं त्याने उपटली, पण हद्द कायम करायची गरज मला आहे ना! तो का अर्ज करेल, त्याची हद्द पत्र्याने कायम झालेलीच आहे. मग तारीख मिळते. लगतधारकांना, म्हणजे लागून जमीन असणाऱ्यांना, नोटिसा जातात. ठरल्या दिवशी भूमी अभिलेखचे साहेब रोव्हर, म्हणजे उपग्रहावर चालणारं मोजणीचं यंत्र, घेऊन येतात. रोव्हरला आकाशातून उपग्रह दिसतात पण आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही, आणि रेंजशिवाय रोव्हरचं घोडं अडतं. तो खांबासकट टेकाडावर नेला, चालू झाला. साहेबांनी टिप्पण, म्हणजे जुन्या मोजणीची नोंद, काढलं आणि मला म्हणाले, “जुनी हद्दीची खूण दाखवा. वहिवाट कुठपर्यंत होती?”

खूण दाखवा! अहो, खूण उपटली म्हणून तर तुम्हाला बोलावलं. खूण असती तर मी फी भरून, चहा करून, या उन्हात तुमच्याबरोबर रानात कशाला उभी राहिले असते? मी ढिगाकडे बोट दाखवलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, ढीग कुठूनही आणून टाकता येतो. त्याच्याकडे त्यांच्या खाजगी सर्व्हेअरचा रंगीत नकाशा होता, पिवळ्या खुंट्या होत्या. त्या नकाशाला कायद्यात किंमत नाही, सरकारी मोजणीच्या ‘क’ प्रतीलाच, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या अधिकृत नकाशालाच आहे, हे साहेबांनाही माहीत, मलाही माहीत. तरी सगळे जण तोच नकाशा बघत उभे होते, कारण रंगीत होता. नकाशाची एक गंमत सांगते. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट. माझी अख्खी वई, ३६० चौरस फूट, दोन सासवा आणि माझे पावसाळे, हे सगळं एका बोथट पेन्सिलीच्या रेघेत मावतं. रेघेच्या अलीकडची कड धरा की पलीकडची, तेवढ्यात बिल्डरचा नफा आहे. तिथे जमिनीवर काहीतरी उभं असावं लागतं, जे सांगेल की बाबा, इथपर्यंत. तेच त्यांनी आधी काढलं. त्यांच्या माणसाने हरकत लिहून दिली, साहेबांनी यंत्र गुंडाळलं, पुढची तारीख कळवतो म्हणाले. ती झाली आणि पटली नाही, तर निमताना मोजणी आहेच. वरिष्ठ येतील, तेही खूण विचारतील.

पुढचा मुद्दा गोड बोलण्याचा. वई काढल्यावर बिल्डर सुरुवातीला फार गोड बोलतो. “काकू, आपण घरातलीच माणसं, बसून मिटवू. सोमवारी माणूस पाठवतो.” याला भुलणं हे शेजाऱ्याचं कर्तव्य आहे, कारण स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली, मालकी सिद्ध न करता, नुसता ताबा हिसकावला एवढ्यावर जागा परत मागायचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. सहा महिन्यांत सोमवार किती येतात ते तुम्ही मोजा. सातव्या महिन्यात त्याचा आवाज बदलतो आणि तो सांगतो, कोर्टात जा. तेव्हा जावं. मालकीच्या दाव्याला १२ वर्षांची मुदत आहे, घाई कसली.

नातेवाइकांना कळवू नका. कळवलंत तर सातबाऱ्यावरची सगळी नावं एकदम जिवंत होतील. एरवी गणपतीलाही न येणारे बोरिवलीचे दीर रात्री साडेदहाला फोन करून सांगतील, “वहिनी, तीन फुटांसाठी बिल्डरशी वाकडं घेऊ नका. उद्या आपल्यालाही विकायचंय.”

गावातून आधार मिळेल ही आशाही नको. निम्म्या गावाची पोरं त्याच्या साइटवर चिरे वाहतात, आणि उरलेल्यांचा वाळूचा डंपर आहे.

गुरं आत आली तर हाकला. रानडुकरांनी सुरणं उकरली तर रानडुकरांना नोटीस द्या.

आणि मेर कापल्यावर पावसात माती विहिरीत आली, तर... नाही, यावर मला उपरोध सुचत नाही. आमची विहीर वईच्या खालच्या कोपऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. शेराचं आणि निर्गुडीचं मूळ त्या उताराला धरून होतं. जेसीबीने मुळासकट उतार खरवडून काढलाय, सरळ उभा, कच्चा. मृगाचे दोन पाऊस पडले की तो ढासळणार आणि ते तांबडं पाणी आम्ही पिणार. आणि तो पोरगा म्हणतो साफ करून दिली.

चुकून झालं म्हणता, बिल्डरसाहेब? १२० फूट चुकून? चूक कुठेतरी वाकडी होते हो. ही दोरी लावल्यासारखी सरळ झाली आहे, आणि नेमकी तुमच्या फायद्याच्या बाजूला. तुमच्या जागेतली झाडी काही अजून साफ झालेली नाही, करवंदीच्या जाळ्या आहेत तशा आहेत. साप फक्त आमच्या वईत राहत होते काय? मोजणीआधी हद्दीवरची झाडं काढायची, मग पत्रे लावायचे, मग समोरच्याला पुरावा विचारायचा, हे चोराचं काम आहे. कोटींचा प्रकल्प करता आणि एका बाईची वई चोरता? लाज नाही वाटत? मोजणी आधी मागवली असती, दोघांसमोर खुंट्या मारल्या असत्या आणि माझी झाडं तुमच्या हद्दीत निघाली असती, तर मी स्वतः कोयता घेऊन काढून दिली असती. विचारायला काय झालं होतं? आमचं दार दिवसभर उघडं असतं.

बोरिवलीकर, तुम्हालाही सांगते. विकायचंय ना? मग आधी हद्द राखायला या. तीन फूट आज गेले म्हणून उद्या भाव वाढून मिळणार नाही, उद्या आणखी तीन मागतील, आणि तेव्हा भाव तुमच्या पडत्या तोंडाकडे बघून ठरेल. आंब्याच्या पेट्या नेताना हिस्सा आठवतो, तसा मोजणीच्या तारखेलाही आठवू दे.

कचेऱ्यांतल्या साहेब लोकांनो, झुडूप सातबाऱ्यावर नसतं हे आम्हालाही कळतं. पण उपटलेल्या मुळांचे खड्डे महिनाभर जमिनीत दिसत होते. एकाने जागेवर येऊन, चार लगतधारकांचे जबाब घेऊन पंचनामा केला असता तर एक सकाळ गेली असती. आता त्यावर खडी टाकलीय त्यांनी. आता या आणि विचारा पुरावा.

आणि तिथे प्लॉट घेणाऱ्या शहरातल्या मंडळींनो, कडेचा प्लॉट जास्त हिरवा दिसतोय म्हणून बुकिंग करण्याआधी ‘क’ प्रत मागा. रंगीत नकाशा नको, ‘क’ प्रत. नसेल तर तुम्ही माझी जागा विकत घेताय, आणि मी ती विकलेली नाही.

दावा सहा महिन्यांच्या आत लागतोय, वकिलाकडे कागद दिलेत. सोमवारच्या माणसाची वाट मी बघत नाही. पुढची मोजणी होईपर्यंत ते पत्रे काढा, कापलेल्या मेरेला पावसाआधी चिऱ्यांचा बांध घाला, तुमच्या खर्चाने. आणि ती पाटी सगळ्यात आधी उचला. माझ्या जागेत उभी आहे ती, विनापरवानगी.