आज इसवण ना

जुलैचा दुसरा आठवडा, भर पाऊस, आणि पणजीच्या एका गल्लीत मी पन्नास मिनिटं छत्री धरून उभा. आतमध्ये आठ टेबलं. अशा जागेला रेस्टॉरंट म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, आमच्या घरी ती ‘खानावळ’च आहे. आता दारावर रंगीत पाटी आली आणि नावं लिहून घ्यायला बाहेर एक मुलगा ठेवला, एवढाच फरक. पुढे बेंगळुरूचं कुटुंब, मागे पुण्याची चार मुलं. घरी कोकणी बोलतो पण वर्तमानपत्र मराठी वाचतो, हे त्या मुलांना समजावून सांगायला पन्नास मिनिटं पुरली नाहीत. सोबत डिचोलीचा भाचा. तो दर थोड्या वेळाने पुटपुटत होता, “मामा, पळे (बघ), आमच्याच गांवांत आमीच रांगेंत.”

आत बसल्यावर वेटरने विचारलं, इसवण (म्हणजे सुरमई) तळू की चोणक? मी म्हटलं, इसवण? आत्ता? तर म्हणाला, “फ्रेश आसा. आयचीच.” म्हणजे आजचीच.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. छोट्या पारंपरिक होड्या सोडल्या तर पणजीजवळच्या मालीमच्या धक्क्यावरून काही हलत नाही, आणि हे त्या वेटरला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. पूर्व किनाऱ्याची बंदी मात्र १४ जूनला संपते. तेव्हा माझ्या ताटातली ‘आयचीच’ इसवण बहुधा बंगालच्या उपसागरातली, बर्फाच्या पेटीत झोपून घाट उतरलेली. त्यात वाईट काही नाही. तुकडी चांगली होती, रवा कुरकुरीत होता, हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, तिरफळाचा वास होता. बिल आलं तेव्हा तुकडीचे ६५० रुपये. कार्डावर त्या ओळीपुढे आकडा नव्हता, नुसतं ‘अ‍ॅज पर साइझ’. साइझ मला कोणी दाखवली नव्हती.

संध्याकाळी हे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, ती माझी चूक. ग्रुप डिचोलीपासून कुवेत आणि इंग्लंडातल्या स्विंडनपर्यंत पसरलेला. तासाभरात निकाल लागला: सगळं भायल्यांमुळे, म्हणजे बाहेरच्यांमुळे. भायल्यांनी भाव चढवले, रांगा लावल्या, आमची खानावळ पळवली. गोंयकारांची रांग वेगळी हवी, आधार कार्ड दाखवून दर वेगळा हवा. सगळ्यात तापला होता स्विंडनचा चुलतभाऊ, जो स्वतः गेली नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गावात रांगेत उभा आहे.

मला हा वाद परका नाही. लिस्बनमध्ये मी अकरा वर्षं भायलोच आहे. १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या दाखल्यावर मिळालेला पोर्तुगीज पासपोर्ट खिशात असतो, पण शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला खिसा दिसत नाही, रंग दिसतो. आणि तिथेही हेच चाललंय. जुन्या इमारतींची हॉटेलं झाली, भाडी चढली, गल्लीतले टास्के (छोट्या खानावळी, आपल्या तावेर्नाचेच भाऊबंद) बंद पडले. बायशा भागात रस्त्यात आडवे येऊन हातात मेनू कोंबणारे आहेत, आणि त्यांच्या तावडीत सापडलेल्या प्रवाशाचं बिल पाहिलं तर पणजीचे ६५० रुपये दानधर्म वाटावेत. तेव्हा ‘तिकडे बघा कसं आणि आपल्याकडे बघा कसं’ हा परदेशस्थांचा आवडता पाढा मला म्हणायचा नाही.

पण माझ्या घराखालच्या टास्क्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नऊ टेबलं, त्यावर कागदाचे रुमाल. मालक रोज सकाळी मार्करने एक कागद लिहून काचेवर चिकटवतो. माशांपुढे किलोचा भाव. दोराद मासा दोन ओळींत असतो, एक समुद्रातला आणि एक मत्स्यशेतीतला, आणि दोन्हींच्या भावात जवळजवळ दुपटीचा फरक. तुम्ही मागितलात की तो कच्चा मासा ट्रेमध्ये आणून दाखवतो, वजन सांगतो, मान हलवलीत तर निखाऱ्यावर जातो. ही काही त्याची थोरवी नाही. मासळी बाजारात प्रत्येक ढिगावर मासा कुठल्या समुद्रातला, पकडलेला की वाढवलेला, कसल्या जाळ्यात सापडला हे लिहिणं युरोपात सक्तीचंच आहे. गिऱ्हाइकाला सकाळीच सगळं कळलेलं असतं, दुपारी थाप मारून उपयोग नसतो.

दीड वाजला की तो कागदावरची एकेक ओळ खोडायला लागतो. “आकाबो.” संपलं. पहिल्या वर्षी मला याचा संताप यायचा. हातात पैसे घेऊन आलोय आणि हा नाही म्हणतो! सोमवारी तर निखाऱ्यावर मासाच नाही. रविवारी होड्या जात नाहीत, लिलाव होत नाही, मग ताजं कुठून आणू, हे त्याचं म्हणणं. आमच्या आईने सोमवारी मासे दिले नाहीत ते महादेवासाठी, हा देत नाही ते होड्यांसाठी. (तो त्या दिवशी डुकराचं मांस वाढतो, ते महादेवाला न सांगितलेलं बरं.)

आणि त्या लोकांचं राष्ट्रीय खाणं कोणतं, तर बाकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. नॉर्वेहून येतो, आइसलँडहून येतो. पुड्यावर तसं छापलेलं असतं, आणि नाताळच्या आदल्या रात्री तोच मासा घरोघर शिजतो. ‘आमचाच, आजचाच’ असं कोणी म्हणत नाही.

घरच्या वादात मला खटकतं ते हेच. कोण खातंय यावर आम्ही ग्रुपच्या ग्रुप जाळतो, काय खातोय हे विचारत नाही. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात फॉर्मेलिनची, म्हणजे मासा टिकवायला मारतात त्या विषारी रसायनाची, तपासणी झाली. आधी सापडलं म्हणाले, मग मर्यादेत आहे म्हणाले, मग बाहेरच्या मासळीवर काही काळ बंदी आली. आठवडा-दोन आठवडे सगळ्यांनी भाजी खाल्ली. तेव्हा तरी प्रत्येक खानावळीत एक काळा फळा लागायला हवा होता: आजचा मासा कुठला. लागला नाही. २०२३ मध्ये सरकारने किनाऱ्यावरच्या शॅकना शीतकडी (भात आणि माशाची आमटी) ठेवायची सक्ती केली. कडीतला मासा कुठून आला हे लिहायची नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत एका आमदाराने शॅकवरच्या इडली-सांबारामुळे परदेशी पाहुणे येईनासे झाले असा शोध लावला. बिचारी इडली! निदान ती इडली आहे हे दिसतं तरी.

खानावळवाल्याची बाजूही ऐकली. निघताना काउंटरवर थांबलो होतो. तो म्हणाला, शेवटो (मासा) आसा, खुबे (शिंपल्या) आसात असं सांगितलं तर गिऱ्हाईक उठून जातं, आणि ‘इसवण ना’ म्हटलं तर रात्री फोनवर एक स्टार. बाहेरचेच असं नाही, गोंयकारही तसेच. याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण ‘आमीच रांगेंत’ म्हणणाऱ्या माझ्या भाच्याने इसवणच मागवली होती. मीसुद्धा बंदीच्या तारखा पाठ म्हणून दाखवल्या आणि तीच खाल्ली.

पूर्वी पावसाळ्याचं ताट वेगळंच असायचं. मे महिन्यात पुरुमेंत भरायचं: सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, मीठ, मिरच्या, सोलं. शब्दसुद्धा पोर्तुगीज ‘प्रोविमेंतु’वरून आलेला, बेगमी या अर्थाचा. चार महिने समुद्राकडे मागायचं नाही, असा तो हिशेब. हे ताट पणजीतल्या किती कार्डांवर आहे? बेंगळुरूच्या कुटुंबाला ते कोणी दाखवलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, असं मला तरी वाटत नाही. त्यांना इसवण हवी असते, कारण आम्हीच त्यांना इसवण सांगितली.

परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा तिथेच गेलो, एकटा, सव्वाबाराला. रांग लागायची होती. वेटरने इसवण म्हणायच्या आत विचारलं, “आज तुमी कितें जेवतात?” तो गोंधळला, आत गेला, परत आला. किसमूर आसा, म्हणाला, आणि कालची कडी. पण “तें कार्डार ना.”

म्हटलं, तेच आण. उकड्या तांदळाचं शीत, आटलेली कडी, सुक्या सुंगटांची किसमूर, वर ताजं खोबरं. मागे स्वयंपाकघराच्या दारातून दोन डोकी बघत होती. बिल करताना मालकाचं पेन किसमुरीपाशी अडलं. थोडा विचार करून त्याने ‘एक्स्ट्रा’ असं लिहिलं, आणि पुढे ४० रुपये.