समुद्री अर्चिनचे ‘उष्णतारोधक जनुक’: एक खुलासा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्यात उष्णता पचवणारे जनुक सापडले असून त्याचा अर्क घेतल्यास ऊन बाधत नाही. हा दावा चुकीचा आहे.

अर्चिनला शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही. पाणी तापले की त्याच्या पेशींतील प्रथिनांच्या घड्या बिघडू लागतात. त्या सावरणारी विशेष प्रथिने एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च करतात, आणि ही वाढीव ऊर्जा चयापचयातूनच यावी लागत असल्याने तेथील विकरांच्या (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकांचे कामही कमीजास्त होते. प्रयोगांत दिसतो तो हा बदल. तो ताणाची खूण आहे, चिलखत नव्हे. शिवाय जनुकाच्या आरएनए प्रती, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी पेशीने काढलेल्या त्याच्या नकला, वाढल्या म्हणजे विकराचे प्रत्यक्ष कार्य त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही. जपानमधून १९८९ साली चीनमध्ये संवर्धनासाठी नेलेली थंड पाण्यातील अर्चिनची जात तर उन्हाळ्यात मोठ्या संख्येने दगावते, ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलेली दिसते.

अर्काबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. विकर हे प्रथिनच असल्याने भाकरीबरोबरच्या डाळीप्रमाणे तेही पोटात पचून त्याची अमिनो आम्ले होतात, आणि खाल्लेले जनुक आपल्या पेशींत जाऊन कामाला लागत नाही.