आगबोट, पण आग विझवणारी

काही वर्षांपूर्वी मी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला होता, "आज आगबोटीत बसून आलो", तर पाच मिनिटांत काकांचा रिप्लाय, अरे अजून चालतात का त्या? त्यांना वाफेवरची वाटली. काका, ही आग विझवणारी होती! फायरबोट. न्यूयॉर्कची जॉन जे. हार्वी, १९३१ सालची.

परवा ऑफिसमधल्या एकाशी यावरूनच चांगला वाद झाला. त्याचं म्हणणं, शहराकडे नव्या बोटी आहेत ना, मग हे जुनं लोखंड कशाला सांभाळायचं, फार तर एखादी ठेवा, रंग मारा, धक्क्याला बांधून टाका, शाळेच्या सहली येतील. मला उत्तरं नेहमी घरी जाताना ट्रेनमध्ये सुचतात म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांबणारे, आधीच सांगतो.

न्यूयॉर्क मुळात बंदर. लाकडी धक्के, चिकटून उभी असलेली जहाजं, मालाने भरलेली गोदामं. रस्त्यावरचा बंब धक्क्यावर पोचला तरी आग खाली लाकडी खांबांमध्ये धुमसत असायची, तिथे पाण्यातूनच जावं लागतं. म्हणून १८७५ मध्ये अग्निशमन दलाने विल्यम एफ. हॅवमायर ही आपली पहिली फायरबोट आणली, वाफेवरची (म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते). आणि फायरबोटीची खरी मजा काय, तर तिला पाणी वाहून न्यावं लागत नाही. बोटीच्या तळातून नदीचं पाणी पंपात ओढायचं आणि डेकवरच्या तोफेसारख्या दिसणाऱ्या नळ्यांमधून फेकायचं, त्यांना मॉनिटर म्हणतात. हार्वीची ताकद मिनिटाला १८,००० गॅलन, साधारण ६८,००० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ सात टँकर, एका मिनिटात! १९३८ ची फायर फायटर नावाची बोट तर २०,००० गॅलनची.

पाणी जास्त झालं की काय होतं तेही याच बंदराने बघितलंय. फेब्रुवारी १९४२, नॉर्मंडी नावाचं अवाढव्य फ्रेंच प्रवासी जहाज, युद्धासाठी त्याचं काम चालू होतं, ठिणगी लाइफ जॅकेटच्या ढिगावर पडली. आग आटोक्यात आली, पण वरच्या मजल्यांवर इतकं पाणी साठलं की जहाज कलत कलत रात्रीतून आडवं झालं. धक्क्यालाच.

आता मुद्द्यावर येतो. हार्वीच्या व्हीलहाऊसमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या केबिनमध्ये, चाक आहे पण इंजिनाचा कंट्रोल नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पायलट, म्हणजे बोट चालवणारा, पितळी टेलिग्राफचा (खाली हुकूम पोचवायच्या यंत्राचा) दांडा सरकवतो, खाली इंजिन रूममध्ये घंटी वाजते, काटा फिरतो, खालचा इंजिनिअर तसाच दांडा फिरवून "कळलं" सांगतो आणि मग स्वतःच्या हाताने लिव्हर ओढतो. त्याला बाहेरचं दिसतं ते फक्त पाण्याच्या लेव्हलला असलेल्या गोल खिडक्यांतून, म्हणजे बहुतेक वेळा हिरवट पाणीच. मी खाली उभा होतो, डिझेलचा वास, पायाखालची प्लेट थरथरतेय, कानात बोळे. एक व्हॉलंटिअर आजोबा खुणा करून सांगत होते, घंट्या भराभर यायला लागल्या की समजायचं धक्का जवळ आलाय. खरंच आल्या. आजोबांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही, घंटी संपायच्या आत हात लिव्हरवर.

हे रंग मारून कसं सांभाळणार, सांगा?

नावं बघा. जॉन हार्वी हा पायलट, १९३० मध्ये धक्क्यावर पेटलेल्या जहाजाच्या स्फोटात गेला. १९५४ च्या जॉन डी. मॅकीन बोटीचं नाव ज्याच्यावरून आहे तो इंजिनिअर, १९५३ मध्ये दुसऱ्या बोटीवर वाफेचा पाइप फुटला तरी जागा सोडली नाही, भाजून गेला. एक वरचा, एक खालचा. टेलिग्राफची दोन टोकं.

हार्वी नव्वदच्या दशकात रिटायर झाली आणि १९९९ ला लिलावात गेली. भंगारातच जायची, पण काही हौशी लोकांनी मिळून २८,०१० डॉलरला घेतली. लोकांनी वेड्यात काढलं असणार. दोन वर्षांनी ११ सप्टेंबर २००१. टॉवर पडले, जमिनीखालच्या पाइपलाइन फुटल्या, हायड्रंट, म्हणजे बंबांना पाणी देणारे रस्त्यावरचे नळ, कोरडे. हार्वीने आधी किनाऱ्यावर अडकलेली माणसं बाहेर काढली, मग अग्निशमन दलाने तिला परत बोलावलं, आणि फायर फायटर, मॅकीन यांच्या जोडीने ती सुमारे ८० तास नदीचं पाणी पुरवत राहिली. रिटायर झालेली बोट!

हा किस्सा सगळे सांगतात आणि म्हणतात, बघा, उपयोगी पडली ना, म्हणून जपा. मला हे पटत नाही. असा दिवस परत येऊ नये आणि आला तर शहराकडे २०१० पासून थ्री फोर्टी थ्री आहे, मिनिटाला ५०,००० गॅलन, त्या दिवशी गेलेल्या ३४३ जवानांच्या नावाची. माझं म्हणणं वेगळंय. हार्वी त्या दिवशी कामी आली कारण ती दोन वर्षं बांधून ठेवलेली नव्हती. कोणीतरी हौसेपोटी पंप चालू करत होतं, हाताला सवय होती. नुसती चकचकीत करून ठेवली असती तर मॉनिटरमधून थेंब आला नसता.

खर्चाचं मला कळतं. पाण्यातलं लोखंड गंजतं, मधूनमधून ड्राय डॉकला (पाणी काढून टाकलेल्या गोदीत) काढून पत्रे बदलावे लागतात आणि त्या बिलाचे आकडे ऐकून डोळे पांढरे होतात. सगळ्या जपता येणार नाहीत हे मान्य. पण जी जपाल ती चालती ठेवा, दोन कमी ठेवा हवं तर.

आणि न जपलेली बघायची असेल तर न्यूयॉर्कच्याच स्टेटन आयलंडला आर्थर किल नावाच्या खाडीच्या काठावर जुन्या जहाजांची स्मशानभूमी आहे. तिथे एब्रम एस. हेविट पडलीय, १९०३ ची, दलातली कोळशावर चालणारी शेवटची फायरबोट. १९०४ मध्ये जनरल स्लोकम ही प्रवासी बोट पेटून हजारावर माणसं गेली तेव्हा ती मदतीला धावली होती, १९५८ पर्यंत कामावर होती. आता भरती आली की अर्धी पाण्यात, ओहोटी लागली की चिखलात. समजा उद्या कोणी पैसे ओतून ती जशीच्या तशी उभी केली, तरी तिच्या बॉयलरपुढे फावडं घेऊन उभं राहायला माणूस कुठून आणणार?