दिवा चालू आहे असं अ‍ॅप म्हणतंय

घरातला दिवा आता मोबाईलवरून जगात कुठूनही लावता येतो, फक्त तो लागला की नाही हे कळायला घरी कुणीतरी माणूस लागतं. हे स्मार्ट स्विचच्या बॉक्सवर लिहिलेलं नसतं. बॉक्सवर सोफ्यावर बसून हसणारं एक कुटुंब असतं आणि मला दाट संशय आहे की त्यांच्या खोलीत अजून भिंतीवरचं साधं बटणच आहे, म्हणून ते हसतायत.

तर असा दिवा घरीच करायचं सामान म्हणजे ईएसपी८२६६ नावाची चिप बसवलेलं एक इवलंसं वायफायवालं बोर्ड, २०१४ च्या आसपास ही चिप आली आणि तेव्हापासून जगभरातल्या रिकामटेकड्यांना काम मिळालं. जोडीला निळ्या डबीतला रिले. चिप चालते ३.३ व्होल्टवर, दिवा चालतो मेन लाईनवर, त्या दोघांची थेट गाठ पडली तर चिपचे अंत्यसंस्कारच, म्हणून मधे हा रिले. आत एक कॉइल असते, हुकूम आला की ती पत्री खेचते, टक् असा आवाज होतो आणि दिव्याचा फेज जोडला जातो. हा टक् आवाज पहिल्यांदा ऐकला की फार भारी वाटतं. रात्री अडीचला ऐकला की तेवढं वाटत नाही, पण ते पुढे येईलच.

बसवायला स्विचबोर्ड उघडला तर आत न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायरच नाही! साध्या बटणाला न्यूट्रलची गरज नसते म्हणून वायरमनने तो वरच्यावर दिव्याकडे नेलेला, आणि आपल्या वायफायवाल्या बोर्डला मात्र स्वतः जिवंत राहायला न्यूट्रल हवाच. म्हटलं बेडरूमला बिनन्यूट्रलवाला स्मार्ट स्विच लावू. तो मिळतो, पण तो दिवा बंद असतानाही थोडासा करंट दिव्यातूनच ओढून स्वतःचं पोट भरतो आणि एलईडी दिव्याला तेवढंही पुरतं. म्हणजे बंद दिवा रात्रभर मिणमिणतो. आई म्हणाली, "अरे बंद केलायस ना, मग हा बघतोय काय आपल्याकडे?" त्यावर दिव्याला समांतर एक कपॅसिटर लावायचा हा उपाय आहे आणि तो चालतोही, पण तोपर्यंत आई हॉलमधे झोपायला गेली होती.

मग वायफाय. यातली बहुतेक यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, आपला राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवतो, फोन ऐटीत ५ वर जाऊन बसतो आणि अ‍ॅप म्हणतं डिव्हाइस सापडलं नाही. डिव्हाइस समोर टेबलावर असतं, निळा लाईट लुकलुकवत असतं, बायको लांबून बघत असते. मी फोन घेऊन घराच्या टोकाला जातो म्हणजे ५ चा सिग्नल पडेल आणि फोन २.४ वर उतरेल, पण टोकाला गेलं की डिव्हाइस लांब राहतं.

बाहेरून घरात शिरायचं म्हणजे तर वेगळंच महाभारत. इंटरनेटवरचे घरांचे जुने पत्ते, म्हणजे आयपी पत्ते, जेमतेम ४३० कोटी, ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेटवाला एकच पत्ता कित्येक घरांत वाटून देतो, मग राउटरमधे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरचा निरोप आतल्या यंत्राकडे वळवायची सोय) कितीही मन लावून करा, बाहेरचा निरोप आपल्या दारापर्यंत पोचतच नाही. आणि पोचला असता तरी ते दार उघडं टाकणं वाईटच, २०१६ साली मिराई नावाच्या सॉफ्टवेअरच्या किड्याने कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन हेच दाखवलं होतं. म्हणून आपलं बोर्डच बाहेरच्या सर्व्हरला जाऊन चिकटून बसतं. म्हणजे मी आणि दिवा एकाच खोलीत, मी फोनवर बोट ठेवणार, हुकूम कुठल्यातरी परदेशातल्या सर्व्हरला जाऊन येणार आणि मग चार पावलांवरचा दिवा लागणार. नेट गेलं तर चार पावलं चालायची.

या निरोपानिरोपीसाठी एमक्यूटीटी वापरतात, १९९९ मधे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटवरून लक्ष ठेवायला बनवलेली पद्धत. पॅसेजच्या नऊ वॅटच्या दिव्यावर एवढा जोर. यात 'रिटेन' नावाची सोय आहे, शेवटचा निरोप सर्व्हर जपून ठेवतो आणि यंत्र पुन्हा जोडलं गेलं की इमानदारीत हातात देतो. संध्याकाळी फोनवरून लावलेले दिवे झोपताना भिंतीवरून बंद झाले, सर्व्हरकडे निरोप राहिला 'चालू'. रात्री लाईट गेली, अडीचला आली, बोर्डं जागी झाली, सर्व्हरने निरोप दिला आणि टक् टक् टक्, अख्खं घर लखलखीत. बायको उठून बसली आणि शांतपणे म्हणाली, "कोण आलंय?"

पण खरी मेख रिलेमधेच आहे. त्याच्यावर दहा अँपिअर छापलेलं असतं, पण ते सरळसाध्या लोडसाठी. एलईडी दिवे सुरू होताना क्षणभर भलताच मोठा झटका ओढतात आणि कधीतरी आतले कॉन्टॅक्ट वेल्ड होऊन चिकटतात. मग अ‍ॅपवर बंद, दिवा चालू. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डबीवर ठोकलं की सुटतात (हे मॅन्युअलमधे नाही). अ‍ॅपला आपण काय हुकूम सोडला एवढंच माहीत असतं, दिव्याचं काय झालं ते माहीत नसतं. ते कळायला वेगळा करंट सेन्सर लावावा लागतो, किंवा आई.

आणि भिंतीवरचं बटणही बोर्डच्या एका पिनलाच जोडलेलं आहे, म्हणजे फोननेही चालेल आणि बटणानेही. आता बटण खाली असलं काय वर असलं काय, त्याचा दिव्याशी काही संबंध नाही, दाबलं की आहे त्याच्या उलट होतं, एवढंच. अ‍ॅपचंही तेच. परवा ऑफिसात बघतो तर पॅसेजचा दिवा चालू. अ‍ॅपवर दाबलं, गोल फिरत राहिलं, काहीच होईना, म्हणून घरी फोन लावला.

"आई, पॅसेजचा दिवा बंद झाला का गं?"

"झाला."

"बघितलंस?"

"बघायचंय काय त्यात, मीच केला आत्ता."

तेवढ्यात माझा अडकलेला हुकूम पोचला. फोनमधून मला टक् ऐकू आलं.

"लागला परत," आई म्हणाली. "तू आता असं कर, तो मोबाईल ड्रॉवरमधे ठेव आणि काम कर."